पिल्लाला आधी चीक पाजा, बाटलीचं मग पाहू



परवा बाजारात गावची एक बाई भेटली. थैलीत तीन बाटल्या. एक लिव्हर टॉनिक, एक कॅल्शियम, एक प्रोबायोटिक. बकरीची पिल्लं किती? दोन. वय दहा दिवस. पातळ हगून राहिले म्हणून दुकानातून दिल्या. मी विचारलं, बाई, चीक कधी पाजला? म्हणाली, वार पडल्यावर, संध्याकाळी. बकरी व्याली होती सकाळी.

मी तिला नाव ठेवत नाही. हेच करून मी माझी दोन पिल्लं घालवली आहेत. पण बाटल्या देणाऱ्यानं हा एक प्रश्न काहून विचारला नाही, हे मला सांगा.

चीक पहिल्या एक-दोन तासांतच पाजायचा. वार पडायची वाट पाहायची नाही. दोन किलोच्या पिल्लाला पहिल्या दिवसात २०० मिली तरी, थोडा थोडा करून. चिकातली रोगाशी लढणारी ताकद पिल्लाचं आतडं पहिल्या काही तासांतच नीट ओढून घेतं, दिवस उलटला की ते दार बंद होते. मग तीन नाही, तेरा बाटल्या आणा.

आता पोटातल्या जंतूंचं. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं कोटीपोट लहान असते, कामाचं नसते. दूध त्याला बगल देऊन सरळ चौथ्या कप्प्यात जाते. जंतूंची वस्ती हळूहळू बसते. आईच्या सडावरून, तिच्या चाटण्यातून, गोठ्यातून, पाल्यातून. पंधरा दिवसांचं झालं की पिल्लू आईचं पाहून पाला चघळते. सुबाभूळ, बोर, उंबर, जे असेल ते कोवळं बांधा. सोबत चिमूटभर भरडलेला मका. पाल्यानं पोट मोठं होते. दाणा आंबून जे आम्ल तयार होते त्यानं कोटीपोटाचं आतलं अस्तर वाढते. याला दोन महिने लागतात. ही वस्ती फुकट मिळते, पण पिल्लू आईजवळ अन् कोरड्या जागेवर पाहिजे.

ती मोडतो आपणच. धान निघाला की पिल्लं खळ्यावर मोकळी सोडतो. पोटभर धान खाल्ला की पोटात एकदम आम्ल होते, चांगले जंतू मरतात, पिल्लू फुगून पडते. नाही त जरा पातळ हगलं की मनानंच अँटिबायोटिक पाजतो, अन् त्याच दिवशी प्रोबायोटिक. एका हातानं रोप लावायचं, दुसऱ्या हातानं तणनाशक मारायचं, असला हा प्रकार आहे. कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं खाण्याच्या जनावरांत अन् त्यांच्या खाद्यात बंद केलं, कारण माणसाच्या जिवावर बेतते तेव्हा ते शेवटचं औषध आहे. म्हणून बाटलीवरचं वाचल्याशिवाय घेऊ नका.

मी प्रोबायोटिकला खोटं म्हणत नाही. यीस्ट अन् लॅक्टोबॅसिलस यांवर जगभर काम झालं आहे. कुठं हगवण कमी झाली, वजन वाढलं. कुठं काहीच फरक पडला नाही. हगवणीतून उठलेलं पिल्लू, अँटिबायोटिकचा डोस संपलेलं पिल्लू, दूध तोडायची वेळ, इथं डॉक्टरच्या सल्ल्यानं जरूर द्या. पण जंतूचं नाव, त्यांची संख्या अन् मुदत बाटलीवर छापलेली पाहिजे. हे जिवंत जंतू आहेत, मे महिन्यात पत्र्याखाली तापलेल्या बाटलीत किती जिवंत राहिले असतील? क्षार मिश्रणाची गोष्ट वेगळी. आपल्या धानपट्ट्यात जनावर तणसावर जगते, तणसात प्रोटीन कमी, फॉस्फरस कमी. गाभण अन् दुभत्या बकरीला क्षार द्यावेच लागतात.

आणि रक्ती हगवण असेल तर आधी लेंड्या तपासून घ्या. कॉक्सिडिया निघाला तर त्याचं औषध वेगळं. तो टॉनिकनं जात नाही, ओला गोठा कोरडा केल्याशिवाय थांबतही नाही.

आता साहेब लोकांना हात जोडून विनंती. शिबिरात पूरक खाद्यावर तासभर बोलता, त्यात दहा मिनिटं चिकावर बोला. अन् बायांना बोलवा. आपल्या जिल्ह्यात घरोघरी बकऱ्या त्याच पाहतात, शिबिरात मात्र खुर्चीवर आम्ही गडी बसतो.

शेतकऱ्यांनाही सांगतो. मीही दोन वर्षं बाटल्या आणल्या. फायदा झाला का? माहीत नाही, कारण मी एकदाही वजन केलं नाही. आता गोठ्यात लटकता काटा बांधला आहे. एका वेळची पिल्लं असतील तर अर्ध्यांना द्या, अर्ध्यांना देऊ नका, खाद्य सारखंच ठेवा, दर आठ दिवसांनी वजन वहीत लिहा. दोन महिन्यांनी वही बोलेल.

माझं चुकत असेल तर सांगा. पण येताना वजनाची वही घेऊन या, बाटलीचं कागद नाही.