जयपूरला जाताय? मुलांना एकच प्रश्न देऊन न्या



थंडी सुरू झाली की शाळेत सहलीचं पत्रक निघतं. पूर्वी आपली धाव महाबळेश्वर-प्रतापगड, फार तर रायगडापर्यंत असायची. आता मोठ्या वर्गांच्या सहली थेट राजस्थानला जातात आणि कितीतरी कुटुंबंही सुट्टीत जयपूर गाठतात. जावंच. मुलांनी आपलं राज्य ओलांडून दुसरा मुलूख बघावा, तिथली भाषा ऐकावी, हे चांगलंच आहे. माझी तक्रार आहे ती पत्रकातल्या यादीबद्दल.

जयपूरच्या एका दिवसाची यादी बहुतेक वेळा अशी असते: आमेरचा किल्ला, जयगड, नाहरगड, जलमहाल, सिटी पॅलेस, जंतरमंतर, हवामहल आणि संध्याकाळी बाजारात खरेदी. किल्ले-महाल मिळून सात ठिकाणं. आता साधा हिशेब करू. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच म्हणजे आठ तास. त्यातून बसचा प्रवास, जेवण, हजेरी आणि स्वच्छतागृहाच्या रांगा यांचे तीन तास वजा करा. उरले पाच तास. म्हणजे एका ठिकाणाला पाऊण तासही मिळत नाही. आमेरसारख्या किल्ल्यात तेवढा वेळ नुसतं वर चढून आत शिरायलाच लागतो.

याचा परिणाम सहलीनंतरच्या वह्यांत दिसतो. 'आमची सहल' या विषयावर वर्गातले चाळीस निबंध वाचून बघा. "आम्ही पहाटे लवकर उठलो. किल्ला खूप भव्य होता. आम्ही खूप फोटो काढले. खूप मजा आली." किल्ल्याचं नाव बदललं तर हाच निबंध दौलताबादला चालतो, पन्हाळ्यालाही चालतो. यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांना बघायला वेळ दिला नाही आणि काय बघायचं तेही सांगितलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एका दिवसात दोन, फार तर तीन ठिकाणं दाखवा. आणि निघण्याआधी मुलांच्या हातात एकच प्रश्न द्या: इथे पाणी कुठून यायचं?

पाण्याचाच प्रश्न का?

कारण तो पहिलीच्या मुलाला समजतो आणि दहावीच्या मुलालाही पुरतो. राजांची नावं आणि सनावळ्या पाठ कराव्या लागतात, तहान पाठ करावी लागत नाही. शिवाय जयपूर हे या प्रश्नासाठी फार चांगलं शहर आहे. तिथे वर्षाला साधारण साठ-पासष्ट सेंटिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक पावसाळ्याच्या तीन महिन्यांत. कोकणात एकट्या जुलै महिन्यात याहून जास्त पडतो. एवढ्या पावसावर डोंगरमाथ्यावर राजवाडा, सैन्य, हत्ती-घोडे आणि बागा कशा सांभाळल्या असतील? हे एकदा मनात आलं की मूल किल्ल्यात शोधत फिरतं. मागून ढकलावं लागत नाही.

जयपूर शहराच्या जन्मातही पाणी आहे. कछवाह राजांची राजधानी आधी आमेरला होती. तिथली वस्ती वाढत गेली आणि पाणी अपुरं पडू लागलं. नव्या राजधानीमागे जी कारणं सांगतात त्यात हे एक प्रमुख आहे. सवाई जयसिंह (दुसरे) यांनी १७२७ साली आमेरपासून दहा-अकरा किलोमीटरवर मैदानात नवं शहर वसवलं. आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. सरळ रुंद रस्ते, चौकोनी पेठा, ठरवून केलेले बाजार. युनेस्कोने २०१९ साली या शहराला जागतिक वारसा यादीत घेतलं. त्याआधी २०१० साली जंतरमंतर आणि २०१३ साली राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर आमेर त्या यादीत आलं होतं.

आमेर आणि जयगड: एक पूर्ण दिवस

आमेरच्या पायथ्याशी मावठा तलाव आहे. बहुतेक लोक त्यात पडलेलं किल्ल्याचं प्रतिबिंब टिपतात आणि पुढे जातात. मुलांना तिथे पाच मिनिटं थांबवा. पाणी खाली, राजवाडा वर. मग पाणी वर कसं जाणार? अंदाज सांगू द्या. कोणी माणसं म्हणेल, कोणी हत्ती. मग सांगा, की इथलं पाणी रहाटांनी टप्प्याटप्प्याने वर चढवत नेत. आपल्याकडचं रहाटगाडगं आजी-आजोबांनी पाहिलेलं असतं. त्यांना विचारून या, असं निघण्याआधीच सांगितलंत तर गृहपाठही झाला.

वर गेल्यावर सुखनिवास येतो. इथे पाण्याचा पाट दालनातून वाहता ठेवून हवा गार करण्याची सोय आहे. विजेशिवाय चालणारा कूलरच म्हणा ना! आपल्या घरचा कूलर कसा गार करतो, वाळ्याच्या पडद्यावर पाणी का मारतात, बाष्पीभवनाचा धडा नेमका काय सांगतो, हे तिथे उभं राहून विचारा. विज्ञानाचं पुस्तक एका मिनिटात जिवंत होतं.

दुपारनंतर जयगड. आमेरच्याच वरच्या डोंगरावर हा किल्ला आहे. गाईड मुलांना आधी 'जयबाण' तोफेकडे नेईल. १७२० साली ओतलेली ही अवाढव्य तोफ बघण्यासारखीच आहे. पण तोफेपाशी अर्धा तास आणि पाण्याच्या टाक्यांपाशी दोन मिनिटं, असं होऊ देऊ नका. आजूबाजूच्या डोंगरउतारांवर पडणारा पाऊस पाटांतून वळवून या टाक्यांत आणलेला आहे. सर्वांत मोठ्या टाक्यात साठ लाख गॅलन पाणी मावतं असं सांगतात. म्हणजे जवळजवळ पावणेतीन कोटी लिटर. मुलांना गणित घाला: दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर किती टँकर? उत्तर येतं सुमारे सत्तावीसशे. आपल्यापैकी अनेकांच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. त्या मुलांना हा आकडा पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळेल. गाळ आत जाऊ नये म्हणून काय केलं असेल, झाकलेल्या टाक्यातलं पाणी उघड्या तलावापेक्षा जास्त का टिकतं, हेही त्यांनाच शोधू द्या.

जयगडावर खजिन्याची गोष्ट हमखास ऐकायला मिळते. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, सरकारने इथे सोन्याच्या शोधासाठी खरोखर मोहीम काढली होती. दंतकथेतला तो अफाट खजिना मिळाल्याचं काही जाहीर झालं नाही. मुलांना ही गोष्ट आवडते, ती जरूर सांगा. आणि मग त्याच टाक्यांकडे बोट दाखवून विचारा, की शत्रूने सहा महिने वेढा दिला असता तर किल्ल्यातल्या माणसांना सोनं उपयोगी पडलं असतं का हे पाणी?

परतीच्या रस्त्यावरच मानसागर तलावातला जलमहाल आहे. तो काठावरूनच बघायचा असतो. या तलावात वर्षानुवर्षं शहराचं सांडपाणी जात राहिलं आणि पुढे तो स्वच्छ करायला मोठा खर्च आणि मेहनत लागली. राजांनी साठवलेलं पाणी आपण कसं वापरलं, हा प्रश्नही त्याच काठावर उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी शहर

सिटी पॅलेस, जंतरमंतर आणि हवामहल ही तिन्ही ठिकाणं जवळजवळ आहेत. बस लागत नाही.

सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन प्रचंड रांजण आहेत. सवाई माधोसिंह (दुसरे) १९०२ साली सातव्या एडवर्ड राजाच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा या 'गंगाजळीं'तून गंगेचं पाणी बरोबर नेलं. एका रांजणाचं वजन सुमारे ३४५ किलो आणि त्यात मावतं साधारण चार हजार लिटर पाणी. जयगडच्या टाक्यानंतर हे रांजण बघितले की मुलं आपोआप तुलना करतात. पाणी जीव जगवायलाही लागतं आणि श्रद्धा, प्रतिष्ठा जपायलाही. यावर आठवी-नववीच्या वर्गात सुंदर चर्चा होते.

जंतरमंतरला मात्र प्रश्न बदला. तिथे विचारा: ही सावली सांगते ती वेळ आणि माझं घड्याळ यांत फरक का? इथलं सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे आणि दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवू शकतं. तरीही घड्याळाशी जुळत नाही, कारण आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची आहे आणि जयपूर त्याच्या पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, या हिशेबाने इथली स्थानिक वेळ सुमारे २७ मिनिटं मागे. वर्षातल्या दिवसानुसार त्यात थोडी कमी-जास्त मिनिटंही होतात. भूगोलाचा हा धडा फळ्यावर शिकवताना आपला घसा बसतो, इथे तो सावलीच शिकवते.

हवामहलचा फोटो रस्त्यावरून काढून पुढे जाऊ नका, आत जा. १७९९ साली सवाई प्रतापसिंहांनी बांधलेल्या या इमारतीत ९५३ खिडक्या आहेत. बाहेरून एवढी मोठी दिसणारी वास्तू वरच्या मजल्यांवर किती अरुंद आहे, हे आत गेल्यावरच कळतं. एका छोट्या जाळीपाशी उभं राहून रस्ता बघायला सांगा. आतून सगळं दिसतं, बाहेरून काही नाही. मग मुलींना विचारा, आयुष्यभर रस्ता असा बघावा लागला असता तर?

आमेरमध्ये आपलाही इतिहास आहे

चौथीच्या मुलांना पुरंदरचा तह ठाऊक असतो. १६६५ साली शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. समोर मुघलांचे सेनापती होते मिर्झाराजे जयसिंह. ते या आमेरचेच राजे. पुढे आग्र्यात महाराजांची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते रामसिंह त्यांचे पुत्र. ज्या शीशमहालात सगळे थक्क होतात तो मिर्झाराजांच्या काळातला. हे आधी सांगून नेलंत तर मूल तिथे नुसतं पर्यटक राहत नाही. "मग ते वाईट होते का?" असं कोणीतरी विचारेलच. घाईने उत्तर देऊ नका. एक माणूस कुशल सेनापती, उत्तम बांधकामं करणारा राजा आणि आपल्या राजाचा प्रतिस्पर्धी, हे सगळं एकाच वेळी असू शकतो. इतिहास शिकण्याची सुरुवात इथूनच होते.

"पण परत कधी जाणार?"

यावर पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. एवढे पैसे भरले, परत कधी जाणं होणार, मग सगळं दाखवलं तर काय बिघडलं? ही भावना खरी आहे. सहलीसाठी कोणी जादा काम करतं, कोणी भिशी उचलतं. म्हणूनच म्हणतो, त्या पैशाचं चीज होऊ द्या. सात प्रवेशद्वारांसमोरचे सात फोटो घरी आले तर वसुली झाली असं वाटतं खरं, पण महिन्याने मुलाला कुठला फोटो कुठला ते सांगता येत नाही. दोन किल्ले नीट बघितलेलं मूल तिसरा किल्ला स्वतःच्या डोक्याने बघतं. नाहरगड राहिला तर राहू दे. मोठं होऊन ते आपल्या पैशाने जाईल!

आणि ज्यांना जयपूर परवडत नाही त्यांनी मुळीच वाईट वाटून घेऊ नये. हा प्रश्न तिकीट मागत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं आणि नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, असा स्पष्ट सल्ला आहे. शिवनेरीची गंगा-जमुना टाकी बघा, रायगडाचा गंगासागर बघा. पुण्यात कात्रजच्या तलावाचं पाणी पेशव्यांनी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरची नहर आहे. तुमच्या गावच्या गढीत किंवा वाड्यात निदान एक आड नक्की सापडेल.

शिक्षकांना एक विनंती. यंदा सहलीनंतर 'आमची सहल' हा निबंध देऊ नका. त्याऐवजी एका पानाचं काम द्या: किल्ल्यात पाणी कुठून यायचं, कुठे साठायचं, कोण भरायचं आणि सांडपाणी कुठे जायचं. चित्र काढून बाण दाखवले तरी चालेल. आणि पालकहो, मूल परत आल्यावर "मजा आली का?" एवढंच विचारून थांबू नका. "तिथे पाणी कुठून यायचं रे?" असं विचारा. दहा मिनिटं तरी ते बोलत राहील, आणि त्यातलं बरंचसं तुम्हालाही नवं असेल.