खण-नारळावर राखलेला इतिहास

‘नवी मुंबईला कसला आलाय इतिहास? सगळं सिडकोनं पट्टीनं आखलेलं!’ पाहुणे आले की मी हे वाक्य हमखास बोलायचे. नेरुळच्या आमच्या सोसायटीत ते कुणाला खटकायचंही नाही. कारण आम्ही सगळेच बाहेरून आलेले. पाहुण्यांनी फारच आग्रह केला तर त्यांना बेलापूरच्या किल्ल्याचा उरलासुरला बुरूज दाखवायचा. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे चार धनी त्यानं पाहिले, चिमाजीअप्पांनी तो जिंकला, अमृतेश्वराला बेलाची माळ वाहिली आणि म्हणून बेलापूर हे नाव पडलं, असं सांगतात. झाला आमचा इतिहास! पाच मिनिटांत संपणारा.

हे माझं अज्ञान उतरवलं ते माझ्याकडे निवट्या आणि कोलंबी घेऊन येणाऱ्या मावशींनी. आमच्या सेक्टरला लागूनच त्यांचं गाव. ‘ताई, नातवाची हलद हाय, याचंच’ असं बजावून गेल्या आणि मी गेले. खरं सांगायचं तर आगरी हळद म्हणजे डीजे आणि जेवणावळ, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मांडवात एका कोपऱ्यात सत्तरी ओलांडलेली एक बाई पाटावर बसून काहीतरी म्हणत होती. चार-पाच बायका तिच्यामागून सूर धरत होत्या. त्या मावशींच्या मोठ्या जाऊबाई. गावच्या धवलारीण.

आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवलारीण त्या त्या विधीचा धवला म्हणते. धवला म्हणजे नुसतं लग्नातलं गाणं नाही. कुठल्या देवाला आधी बोलवायचं, पुढचं काम काय, ते कुणी करायचं, हे सगळं त्यातूनच उलगडत जातं. थोडक्यात, हे पौरोहित्यच. आणि तेही बाईनं केलेलं! पुण्यात बायका लग्न लावतात म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो. करायलाच हवं. पण खाडीकाठच्या या गावांतून निरक्षर बायका पिढ्यानपिढ्या हेच करत आल्या, याची आपल्याला गंधवार्ता नसावी?

त्या दिवशी तिसरा की चौथा धवला चालू होता आणि बाहेर डीजे सुरू झाला. मांडवाचं कापडसुद्धा थरथरायला लागलं. तरुण मंडळी उठून बाहेर गेली. आजी जरा वेळ म्हणत राहिल्या, मग थांबल्या. मी जवळ जाऊन विचारलं, ‘पुरा का नाही केलात?’ त्या एवढंच म्हणाल्या, ‘आता कोनाला आयकाचा हाय?’

घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना. आठवड्याभरानं मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. सून घरी होती. शिकलेली, नोकरी करणारी. मी तिला म्हटलं, ‘अगं, तू शिकून घे ना आईंकडून.’ ती हसली नाही की चिडली नाही. शांतपणे म्हणाली, ‘ताई, डीजेवाल्याला आगाऊ पैसे देतात. फोटोवाल्याला देतात. आईंना खण-नारळ आणि एखादी नोट. दोन दिवस घसा फोडतात त्या. मी कशासाठी शिकू?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. परंपरा टिकायला हव्यात, असं म्हणणं मला सोपं होतं, कारण टिकवण्याचे कष्ट दुसरीनं करायचे होते. बाईनं केलेल्या कामाची किंमत आपल्याकडे नेहमी अशीच खण-नारळानं चुकती होते. घरातल्या कामाची तीच तऱ्हा, गाण्याचीही तीच.

पण हे नुसतं गाणं नाही, हे मला आणखी एका गोष्टीनं पटलं. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण महदंबेचं नाव घेतो. तेराव्या शतकातली ही महानुभाव पंथातली बाई. गोविंदप्रभूंसाठी मांडलेल्या लग्नसोहळ्यात तिनं कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी रचली. त्या गाण्यांना काय म्हणतात? धवळे! म्हणजे मराठी बाईची आपल्याला माहीत असलेली सर्वांत जुनी कविता आणि आमच्या सेक्टरशेजारच्या मांडवात डीजेखाली बुडालेलं ते गाणं एकाच नावाची. फरक इतकाच, की महदंबेचे धवळे महानुभावांनी लिहून ठेवले, म्हणून ते सातशे वर्षांनी आपण वाचतो. आजींचे कुणी लिहिले नाहीत.

वारल्यांचं उदाहरण घ्या. त्यांच्याही लग्नात धवलेरी असते आणि भिंतीवरचा लग्नचौक लिहिण्याचा मान सवाष्णींचा. १९७० नंतर ती चित्रं कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती जगभर गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र पर्सवर आहे, पडद्यावर आहे, आमच्या लिफ्टशेजारच्या भिंतीवरही आहे. पण त्या चौकापुढे जी गात होती, ती धवलेरी आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? चित्र कागदावर उतरलं आणि विकलं गेलं. गाणं बाईच्या तोंडीच राहिलं.

आणि आमच्या या गावांचं तर तोंडीच उरलं आहे बरंचसं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहराच्या नकाशात आली. भातशेती गेली, मिठागरं गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबारात पाच जणांचे बळी गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. आज मी ज्या घरात बसून हे लिहिते आहे, त्याखाली कुणाचं तरी शेत आहे. त्या शेताला नाव असेल, बांधावर देव असेल. नकाशात तिथे सेक्टरचा आकडा आहे. जमिनीचा निदान सात-बारा होता. धवल्याचा कुठला सात-बारा?

म्हणून मला वाटतं, बुरुजाची डागडुजी जरूर व्हावी, पण शहराचा इतिहास म्हणजे फक्त दगड नव्हे. महापालिकेच्या शाळा याच गावांतून आहेत. वर्षातून एक दिवस धवलारणीला वर्गात बोलवा आणि इतर पाहुण्या वक्त्यांना देता तसं रीतसर मानधन द्या. गावातल्या महिला मंडळांनी रांगोळी-पाककृतीबरोबर धवल्यांचीही स्पर्धा ठेवावी. लग्नघरांनी डीजेच्या आधीचा एक तास धवलारणीचा म्हणून मोकळा ठेवावा आणि तिची बिदागी आधी ठरवावी. डीजे बंद करा, असं सांगणारी मी कोण? आनंद त्यांचा, घर त्यांचं. पण हिशेबात तिचंही नाव असू द्या.

आणि आम्ही फ्लॅटमधल्या बायकांनी? निदान आपल्या सेक्टरखालचं गाव कोणतं, हे विचारून घ्यावं. २०२४ च्या जानेवारीत ट्रान्स-हार्बर मार्गावर नवं स्टेशन सुरू झालं, त्याच्या पाटीवर ‘दिघा गाव’ लिहिलंय. त्या ‘गाव’ शब्दाचं मला आता फार अप्रूप वाटतं.

मी वही-पेन आणि मोबाइल घेऊन आजींकडे पुन्हा गेले. म्हटलं, एकेक म्हणा, मी लिहून घेते. त्यांनी डोळे मोठे केले. ‘मांडव नाय तं धवला कसा बोलू? तसा बोलायचा नसतं.’ म्हणजे लिहायचं तर लग्नाला जायचं, मांडवात बसायचं, दोन दिवस काढायचे. घाईचं कामच नाही हे.

सून चहा घेऊन आली. वहीकडे बघत म्हणाली, ‘वैशाखात माझ्या दिराचं लग्न आहे. डीजे सातनंतर लावायला सांगते. या तुम्ही.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘वही मात्र माझ्याकडे द्या. तुम्हाला आमचे शब्द नीट लिहिता यायचे नाहीत.’

मी वही तिच्या हातात दिली.