खाते तिच्या नावाचे, वारसा कोणाचा?

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह वसले आहे. मेळघाटातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी बाहेरगावी जातात व होळीला परततात. अशा संसारात विवाह, स्थलांतर आणि वैधव्य या प्रत्येक वळणावर स्त्रीसमोर पैशाचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

जुलै २०२४ पासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेद्वारे २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांसाठी दरमहा १,५०० रुपये मंजूर झाले. योजनेविषयी मतभेद असू शकतात. परंतु तिच्यामुळे स्त्रीच्या स्वतःच्या बँक खात्याला घरात महत्त्व आले, हे मान्य करावे लागेल. तथापि कमावता माणूस अकाली गेला तर पुढे काय, याचे उत्तर त्या रकमेत नाही.

त्यासाठी विम्याचा आधार हवा. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत १८ ते ५० वयाच्या खातेदारास वर्षाला ४३६ रुपयांत, तर सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयापर्यंत केवळ २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी, प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण मिळते. हप्ता खात्यातून परस्पर कापला जातो. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस खात्यात शिल्लक असावी.

दुसरा प्रश्न वारशाचा. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. पती मृत्युपत्र न करता निधन पावला व मागे अपत्ये असली, तर पत्नीस एक तृतीयांश हिस्सा मिळतो. उरलेले दोन तृतीयांश मुलगा-मुलगी असा भेद न करता अपत्यांत समान वाटले जाते. पत्नीला राहते घर पूर्णपणे मिळावे अशी इच्छा असेल, तर मृत्युपत्र करणे अगत्याचे आहे. बँकेतील ठेवीवर नाव लावले की मालकी मिळते, हा समजही चुकीचा आहे. अशी व्यक्ती पैसे केवळ स्वीकारू शकते, वारसांचा हक्क अबाधित राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. शिवाय या कायद्यानुसार विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाहाबरोबर रद्द होते. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेने हे विशेष ध्यानी ठेवावे.

विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गात आपण वधूवरांशी पुष्कळ बोलतो. त्यातील एक तास खाते, विमा व मृत्युपत्र यांसाठी प्रत्येक धर्मग्रामाने राखून ठेवावा, असे आम्हांस वाटते. दुःखाच्या दिवशी एखाद्या भगिनीला कागदांसाठी दारोदार फिरावे लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.