खिडकीची जागा, मांडीवर लोकर

लहान मुलाला घेऊन प्रवासाला निघताना खाऊ, पाण्याची बाटली, जास्तीचे कपडे आपण भरतोच. त्याच पिशवीत लोकरीचा एक गुंडा आणि गोल सुई टाका, असं मी अगदी आग्रहाने सांगते. गोल सुईची दोन्ही टोकं लवचीक वायरने जोडलेली असतात. मुलाने अचानक मांडीवर उडी घेतली तरी सुई बाकाखाली घरंगळत नाही. वीण मात्र साधी घ्यावी, नुसते सुलट टाके. नक्षी मोजत बसलं तर प्रश्नांना उत्तरं कोण देणार?

कोकण रेल्वेचा मार्ग मला यासाठी सर्वांत प्रिय आहे. १९९८ साली पूर्ण खुल्या झालेल्या या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. खिडकी काळी झाली की लेक कुशीत शिरते. माझे डोळे तिच्याकडे, पण बोटांना टाका आपोआप कळतो. रत्नागिरी सुटल्यावर पानवल नदीवरचा उंच पूल येतो, तेव्हा मात्र मी सुया खाली ठेवते. तिथे दोघींनी मिळून खालीच पाहायचं! समोरच्या बाकावरच्या आजी तोवर विणकाम हातात घेऊन दोन ओळी पुढे नेतात, हे सुखही गाडीतच मिळतं.

या अंकात बाहुलीच्या मफलरची कृती आहे. ४ मिलिमीटरची सुई, २० टाके. लोकरीचा रंग मुलांना निवडू द्या.