विश्लेषण : मार्गावर विजेची तार आली, तरी लोकल का वाढत नाहीत?

मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. देशातील ब्रॉडगेज मार्गांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मार्गांवर आता विजेची तार आहे. तरीही सकाळी ठाण्याला किंवा बोरिवलीला लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही. उरणच्या प्रवाशाला एक गाडी चुकली की ताटकळावे लागते. पुणे-दौंड मार्गावर तर तारेखालून डिझेलची गाडी धावताना प्रवाशांनी पाहिली आहे. मग विद्युतीकरण ‘पूर्ण झाले’ म्हणजे नेमके काय झाले? उपनगरी प्रवाशाच्या दृष्टीने त्यात काय राहून गेले? याचा आढावा.

लोकलसाठी वीजच का?

लांब पल्ल्याची गाडी एकदा वेगात आली की तासभर तशीच धावू शकते. लोकलला दर दोन-तीन किलोमीटरवर थांबायचे असते आणि लगेच पुन्हा वेग घ्यायचा असतो. वाफेचे इंजिन यात कमी पडत होते. ते हळूहळू वेग घेते आणि शेवटच्या स्थानकावर पोहोचले की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. त्यात फलाट अडकून पडतो.

विजेच्या लोकलमध्ये मोटरी गाडीच्या अनेक डब्यांखाली विभागलेल्या असतात आणि दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते. मोटरमन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला की गाडी परत निघायला तयार. एवढ्या साध्या सोयीमुळे त्याच फलाटावर, त्याच रुळांवर कितीतरी जास्त फेऱ्या बसवता आल्या.

जीआयपी रेल्वेने आजच्या सीएसएमटीपासून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत ही सेवा आधी सुरू केली. बीबी अँड सीआय रेल्वेची कुलाबा-बोरिवली विद्युत सेवा १९२८ मध्ये आली. घाट चढून तार १९२९ मध्ये पुण्यापर्यंत पोहोचली. मद्रासमध्ये बीच-तांबरम या मीटरगेज मार्गावर १९३१ मध्ये, तर कोलकात्यात हावडा-शेवराफुली मार्गावर १९५७ मध्ये विजेची गाडी आली. मुंबई आणि मद्रासने १५०० व्होल्ट डीसी घेतली होती, कोलकात्याने ३००० व्होल्ट डीसी.

डीसी प्रणाली मागे का पडली?

शंभर वर्षांपूर्वी डीसीची निवड योग्यच होती. त्या काळात गाडीला लागणाऱ्या मजबूत मोटरी डीसीवर चालत आणि एसीचे डीसीत रूपांतर करणारी यंत्रे गाडीत बसवणे सोपे नव्हते. मात्र १५०० हा व्होल्टेजचा आकडा लहान आहे आणि अडचण तिथेच सुरू होते.

एक ढोबळ हिशेब करू. समजा, वेग घेताना बारा डब्यांची लोकल ३० लाख वॉट शक्ती खेचते. तार १५०० व्होल्टची असेल तर तिच्यातून २००० अँपिअर प्रवाह वाहावा लागतो. तार २५ हजार व्होल्टची असेल तर तेवढ्याच शक्तीसाठी १२० अँपिअर पुरतात. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तार सारखीच धरली तर डीसीतील नुकसान सुमारे २७८ पट होईल. प्रत्यक्षात डीसीसाठी जाड तारा वापरतात, त्यामुळे फरक एवढा राहत नाही. पण जाड तार म्हणजे जास्त तांबे, जास्त वजन आणि जास्त खर्च. शिवाय डीसी मार्गावर दर काही किलोमीटरवर उपकेंद्र लागते. एसी मार्गावर दोन उपकेंद्रांमधील अंतर ३० किलोमीटरहून अधिक असू शकते.

भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये पुढील विद्युतीकरणासाठी २५ हजार व्होल्ट एसी प्रणाली स्वीकारली. कोलकाता आणि मद्रासचे मार्ग नंतर एसीवर गेले. सर्वात आधी विद्युतीकरण झालेली मुंबई मात्र डीसीचे बेट होऊन राहिली. इगतपुरीला इंजिन बदलण्यासाठी मेल-एक्स्प्रेस थांबत, हे अनेक वाचकांना आठवत असेल. त्याचे कारण म्हणजे तिथे विजेचा प्रकारच बदलत असे.

बदलाला इतकी वर्षे का लागली?

नव्या मार्गावर तार टाकणे तुलनेने सोपे असते. मुंबईत दिवसाला लाखो प्रवासी वाहणारा मार्ग चालू ठेवून त्याची वीज बदलायची होती. कामासाठी मिळत ते रात्रीचे दोन-तीन तास आणि रविवारचा मेगाब्लॉक.

काम नुसते तार बदलण्याचे नव्हते. इन्सुलेटर आणि उपकेंद्रे बदलावी लागली. गाडीने घेतलेला प्रवाह रुळांमधूनच परत जातो आणि सिग्नल यंत्रणाही रुळांचाच वापर करते, त्यामुळे सिग्नलमध्येही बदल करावे लागले. संक्रमणाच्या काळात एकाच गाडीला दोन्ही प्रकारच्या तारेखालून जायचे होते. त्यासाठी एसी-डीसी अशा दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या आणाव्या लागल्या. एमयूटीपीअंतर्गत २००७ पासून आलेल्या जांभळ्या-पांढऱ्या लोकल त्या याच.

सर्वात अवघड ठरले ते जुने पूल. तारेचे व्होल्टेज जितके जास्त, तितके तिच्या आणि पुलाच्या पोटाच्या मध्ये जास्त अंतर लागते. ब्रिटिशकालीन पुलांखाली ती जागाच नव्हती. कुठे रूळ खाली घ्यावे लागले, कुठे पूल पाडावा लागला. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला गेला आणि नवा पूल वाहतुकीस खुला व्हायला २०२२ उजाडले. दरम्यानची सहा वर्षे त्या परिसरातील रहिवाशांनी वळसे घालून काढली. विद्युतीकरणाची किंमत फक्त रेल्वेचे प्रवासी मोजत नाहीत, ती अशी आसपासच्या वस्त्यांनाही मोजावी लागते.

पश्चिम रेल्वेचे परिवर्तन फेब्रुवारी २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे जून २०१५ मध्ये आणि हार्बरचे एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झाले. जिथे पहिली विजेची गाडी धावली, तोच मार्ग सर्वात शेवटी बदलला.

प्रवाशांना काय मिळाले?

बरेच काही. गाड्यांचा वेग वाढवता आला आणि जास्त डब्यांच्या गाड्यांना पुरेशी वीज मिळू लागली. हार्बरवर नऊऐवजी बारा डब्यांच्या गाड्या २०१६ मध्येच आल्या, अर्थात त्यासाठी सीएसएमटीचे फलाटही लांबवावे लागले. नव्या गाड्या ब्रेक लावताना मोटरींचा जनित्रासारखा वापर करून वीज पुन्हा तारेत सोडतात. त्यातून सुमारे ३० टक्के विजेची बचत होते.

धोकाही वाढला. २५ हजार व्होल्टच्या तारेला हात लागण्याची गरज नसते, जवळ गेले तरी ठिणगी उडी घेते. म्हणूनच या तारेपासून दोन मीटर दूर राहण्याचा इशारा रेल्वे देते. टपावरचा प्रवास किंवा यार्डातील उभ्या मालगाडीवर चढून काढलेली सेल्फी जिवावर बेतते, ती यामुळेच.

तार आहे, मग गाडी का नाही?

पुण्याचे उदाहरण पाहू. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते. मुंबईहून पुण्यापर्यंत तार १९२९ मध्ये आली, पण पुढच्या सुमारे ७५ किलोमीटरवरील दौंडपर्यंत ती न्यायला २०१७ उजाडले. मधे गेली ८८ वर्षे. आणि तार आल्यावर सुरू काय झाले, तर डिझेलवर चालणारी डेमू.

कारण तार हा एक घटक आहे. मुंबईसारख्या ईएमयू लोकलच्या दाराला पायऱ्या नसतात, त्यामुळे तिला उंच फलाट लागतो. मेमू आणि डेमूला पायऱ्या असतात, त्या कमी उंचीच्या फलाटावरही चालतात. दौंड मार्गावरील लहान स्थानकांचे फलाट लोकलसाठी तयार नव्हते. शिवाय विजेच्या गाड्या हव्यात, त्यांच्या देखभालीचे कारशेड हवे, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्यांच्या मधून वेळापत्रकात जागा हवी. केडगाव, यवत किंवा उरुळीहून पुण्यात नोकरी-शिक्षणासाठी येणाऱ्यांना मार्गाचे विद्युतीकरण झाले की नाही यात रस नसतो. सकाळची गाडी वेळेवर येते का आणि तिच्यात जागा असते का, एवढेच त्यांना हवे असते. म्हणूनच प्रवासी संघटना उपनगरी दर्जाची मागणी करत राहिल्या.

दुसरे उदाहरण उरणचे. हा मार्ग सुरुवातीपासूनच विजेचा. पहिला टप्पा खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८ मध्ये, तर उरणपर्यंतचा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तार नवी, स्थानके प्रशस्त. पण सुरुवातीला दिवसाला फेऱ्या होत्या अवघ्या ४०. एवढ्या फेऱ्यांवर नोकरीच्या वेळा कोण बसवणार? परिणामी, ज्यांच्यासाठी लोकल आणली त्यातील अनेक जण बस किंवा दुचाकीवरच राहिले.

तार तुटली की सगळेच का थांबते?

डोक्यावर दिसणारी तार एकच नसते. वर एक आधाराची तार असते आणि तिला लोंबकळणारी, पेंटोग्राफ जिला घासत जातो ती संपर्क तार. ती सरळही नसते. सरळ रुळावरही ती दोन्ही बाजूंना सुमारे २० सेंटीमीटर नागमोडी नेलेली असते, म्हणजे पेंटोग्राफ एकाच जागी झिजत नाही. उन्हाने तार सैल पडू नये म्हणून ठरावीक अंतरावर खांबाला वजने टांगलेली असतात. प्रवासात ती तुम्हाला दिसली असतील.

एवढ्या नाजूक मांडणीत झाडाची फांदी, पतंगाचा मांजा, पक्ष्याचे घरटे किंवा झिजलेला पेंटोग्राफ अडकला की मोठ्या लांबीची तार एकदम खाली येऊ शकते. दुरुस्तीची टॉवर वॅगन तिथे पोहोचायला रूळ मोकळा हवा आणि रुळावर तर एकामागे एक लोकल उभ्या. मुंबईत रोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात. त्यामुळे अर्ध्या तासाचा बिघाड सावरायला अख्खी संध्याकाळ जाते. यावर उपाय म्हणजे वेळच्या वेळी देखभाल, आणि ती रात्रीच्या ब्लॉकमध्येच होते. फेऱ्या वाढवायच्या म्हणून ब्लॉक कमी केले तर बिघाड वाढतील. ही तारेवरची कसरत रेल्वेला रोज करावी लागते.

पुढचे आव्हान कोणते?

पहिली वातानुकूलित लोकल आली तेव्हाही पुलांचा प्रश्न आडवा आला. ती उंच असल्याने मध्य रेल्वेच्या कमी उंचीच्या पुलांखालून नेणे अडचणीचे होते. ती पश्चिम रेल्वेकडे गेली आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी धावली.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे देण्याचे रेल्वेने जाहीर केले. निर्णय रास्तच. पण बंद दारांच्या गाडीला हवा खेळती ठेवण्याची किंवा वातानुकूलनाची सोय लागते आणि तिला वीज लागते. पंधरा डब्यांच्या गाड्यांना ती आणखी लागते. गाड्यांमधील अंतर कमी करायचे तर सीबीटीसीसारखी नवी सिग्नल यंत्रणा हवी. ती एमयूटीपी-३ए मध्ये आहे आणि त्या प्रकल्पाला २०१९ मध्येच मंजुरी मिळाली आहे. एका वेळी जास्त गाड्या वेग घेऊ लागल्या की उपकेंद्रांवरचा भारही वाढणार. गाड्या, सिग्नल, वीज आणि फलाट ही चार कामे एकाच वेळी पुढे सरकली नाहीत, तर त्यातील सर्वात मागे राहिलेले काम बाकी तिघांचा वेग ठरवते.

मग प्रगती मोजायची कशी?

विद्युतीकरणाची प्रगती आजवर किलोमीटरमध्ये सांगितली जाते. मालगाडी आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी ते ठीक आहे. डिझेल वाचते, इंजिन बदलावे लागत नाही. उपनगरी मार्गासाठी मात्र हे माप अपुरे आहे. तिथे रेल्वेने तार टाकण्याच्या तारखेबरोबरच आणखी चार गोष्टी जाहीर कराव्यात : गर्दीच्या तासाला किती गाड्या धावणार, त्यासाठी गाड्या कुठून येणार, फलाट कधी तयार होणार आणि उपकेंद्राची क्षमता किती वर्षे पुरणार. मार्ग सुरू झाल्यावर दर वर्षी त्याचा हिशेबही द्यावा.

पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचे काम सुरू आहे. पुण्याभोवतीची वस्ती दौंडच्या दिशेने वाढते आहे. या दोन्ही ठिकाणी हे चार आकडे आधी मागितले, तर उरणसारखी रिकामी प्रशस्त स्थानके आणि दौंडसारखी तारेखालची डिझेल गाडी टाळता येईल. उद्घाटनाच्या फलकावर ‘विद्युतीकृत मार्ग’ लिहिणे सोपे असते. त्या मार्गावर सकाळी आठ ते दहा या वेळेत किती गाड्या सुटतात, हे वेळापत्रकात दिसायला हवे.