पत, तारे आणि क्षमा



बँकेत कर्जाचा अर्ज आला की ताळेबंद आणि तारण तपासण्यापूर्वी आम्ही बाजारात एक चौकशी करीत असू: ‘या पेढीचा शब्द कसा?’ अडते, घाऊक व्यापारी, शेजारचे दुकानदार जे सांगत, ती त्या पेढीची पत. ती जमायला पिढ्या लागत आणि बिघडली तरी वार्ता सावकाश पसरे. आज हीच चौकशी ग्राहक दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मोबाईलवर करतो. गूगलवरील तारे आणि त्याखालचे चार शब्द हाच आता बाजाराचा अहवाल आहे.

माझ्या परिचयातील एका कापड दुकानाविषयी एका भगिनींनी लिहिले की साडीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला आणि दुकानाने ती बदलून दिली नाही. तारा एकच. दुकानदारांचा तरुण मुलगा दुखावला. दहा मिनिटांत त्याने खाली उत्तर लिहिले, ‘आधी मागची उधारी चुकवा, मग बोला.’ उधारी खरी होती. पण त्या उत्तराचे छायाचित्र संध्याकाळपर्यंत गावातील अनेक व्हॉट्सॲप समूहांत पोहोचले. साडीचा विषय बाजूला पडला. ‘या दुकानात आपली खाती चव्हाट्यावर येतात’ एवढेच लोकांच्या मनात राहिले.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याची गुप्त गोष्ट उघड करणे, हा एक आहे. गोष्ट खरी असली तरी दोष टळत नाही. त्याच यादीत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लेख तयार करणे, हाही आहे. पैसे देऊन पाच-पाच तारे लिहवून घेणाऱ्यांनी हा शब्द अवश्य स्मरावा.

मोठ्या कंपन्याही अशा प्रसंगातून गेल्या आहेत. ऑक्टोबर 2003 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या. दुकानांतील साठवणूक सदोष असावी, असे कंपनीने प्रथम सांगितले. त्याने ग्राहकांचे समाधान झाले नाही, कारण दोष कोणाचा यापेक्षा मुलाच्या हातात काय द्यायचे ही त्यांची चिंता होती. पुढे कंपनीने दुकानांतील साठवणुकीकडे लक्ष दिले, 2004 च्या आरंभी अधिक सुरक्षित वेष्टन आणले आणि मगच अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती झळकल्या. आधी सुधारणा, नंतर जाहिरात, हा क्रम ध्यानात घ्यावा. त्या काळी त्यांना काही महिने मिळाले. आज आपल्याला काही तासही मिळत नाहीत.

म्हणून प्रत्येक पेढीने घरात चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. उत्तर त्याच दिवशी द्यावे, परंतु रागात नव्हे. लिहिल्यावर घरातील दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवावे. उत्तरात खेद, पुढील कृती आणि संपर्कासाठी दूरध्वनी क्रमांक एवढेच असावे. हिशेब व वाद खाजगीत. ग्राहकाची उधारी, पत्ता वा खरेदी कधीही उघड करू नये. तक्रार खोटी असेल तर बिलाचा आधार घेऊन सौम्य शब्दांत वस्तुस्थिती मांडावी आणि गूगलकडे रीतसर कळवावे.

त्या दुकानदारांनी मला विचारले, ‘साहेब, आता काय करू?’ मी म्हणालो, ‘मुलाला बरोबर घ्या आणि त्यांच्या घरी जा.’ ते गेले. साडी बदलून दिली, उधारीचा विषय काढला नाही, आणि मुलाने आपले उत्तर काढून त्या जागी जाहीर क्षमा मागितली. त्या भगिनींनी तारा वाढवला नाही. मात्र ‘दुकानदार स्वतः घरी येऊन गेले’ अशी एक ओळ जोडली. काही जुने ग्राहक परतले, काही परतले नाहीत. छायाचित्र अजूनही कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलमध्ये असेल.

पर्युषणानंतर आपण सर्व जिवांची क्षमा मागतो. ती मागताना समोर कोणी एक ग्राहक नसतो, हिशेबाची वही उघडी नसते, म्हणून ती सोपी जाते. गर्दीच्या वेळी, गल्ल्यावर बसून, एका नाराज ग्राहकाला ‘आमचे चुकले’ असे लिहिणे कठीण. पेढीची पत मात्र तेथेच ठरते.