‘डॉक्टर, तुम्हीच काय ते ठरवा!’ कॅन्सरच्या उपचारांत हे वाक्य पुरेसं का नाही?

स्तनाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात सापडला, तर अनेक महिलांसमोर दोन पर्याय असतात: फक्त गाठ काढून रेडिएशन घ्यायचं किंवा पूर्ण स्तन काढायचा. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांची २० वर्षं नोंद ठेवली गेली. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दोन्ही गटांतल्या महिलांचं जगण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं.

मग निवड कशी करायची?

रेडिएशनसाठी साधारण ३ ते ५ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रुग्णालयात जावं लागतं. गडचिरोलीहून नागपूरला येणारीने तोवर राहायचं कुठे? मजुरी बुडेल त्याचं काय? दुसऱ्या एखादीला मात्र स्तन गमावणं हेच सगळ्यात मोठं दुःख वाटेल. हे कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही, ते विचारावंच लागतं.

कायदा काय सांगतो?

२००८ च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, संमती घेण्यापूर्वी रुग्णाला उपचारांचं स्वरूप, धोके आणि इतर पर्याय सांगायला हवेत. पण फॉर्मवर सही घेतली म्हणजे रुग्ण निर्णयात सहभागी झाला असं होत नाही.

हे शिकवता येतं का?

हो. वाईट बातमी कशी सांगावी, यासाठीची ‘स्पाइक्स’ ही सहा टप्प्यांची पद्धत २००० साली कॅन्सरतज्ज्ञांसाठीच मांडली गेली. अशा प्रशिक्षणात डॉक्टर रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी बोलतात आणि कुठे चुकलं ते नंतर तपासतात. भारतातही २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नैतिकतेचे धडे आहेत. पण कॅन्सरबद्दलचं अवघड बोलणं पुढे, स्पेशलिस्ट झाल्यावर करावं लागतं. तिथेही हा सराव हवा.

आपल्याकडची अडचण

ओपीडीत गर्दी असते. त्यात नातेवाईक हळूच सांगतात, “आईला काही सांगू नका.” निर्णय मुलगा घेतो, त्रास आई सोसते. अशा वेळी मुलाला न दुखावता “आई, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?” हे विचारणं हेही कौशल्यच आहे.

एकत्र ठरवणं म्हणजे सगळा भार रुग्णावर टाकणं नव्हे. “तुम्हीच ठरवा” म्हणणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांनी सल्ला द्यावाच, पण त्याआधी त्याच्यासाठी काय महत्त्वाचं आहे ते विचारावं.

तोवर तुम्ही तीन प्रश्न विचारू शकता: दुसरा पर्याय आहे का? दोन्हींचे फायदे-तोटे काय? विचार करायला किती वेळ आहे?